ध्रुवीय रात्रीतून उतरणारे नायट्रिक ऑक्साइड : वरच्या वातावरणातील थरांचे दीर्घकालीन रासायनिक संबंध

प्रस्तावना

वातावरणाची जी आकृती शालेय पाठ्यपुस्तकापासून पदवीच्या वर्गापर्यंत फळ्यावर काढली जाते, तिच्यात तपांबर, स्थितांबर, मध्यांबर आणि उष्मांबर हे चार मजले एकावर एक रचलेले असतात. दोन मजल्यांच्या मध्ये एक ठळक आडवी रेषा असते. विद्यार्थी ही आकृती पाठ करतो आणि रेषा म्हणजे जणू छत असावे अशी त्याची समजूत होते. वस्तुतः ही विभागणी केवळ तापमानाच्या चढउतारावर आधारलेली आहे. जेथे उंचीबरोबर घटणारे तापमान वाढू लागते किंवा वाढणारे घटू लागते, तेथे रेषा काढली जाते. रेणूंना अशी रेषा ठाऊक नसते. आपल्याकडील काही पुस्तकांत उष्मांबराच्या जागी ‘आयनांबर’ हा शब्द वापरला जातो. तो तापमानावरून नव्हे, तर विद्युतभारित स्थितीवरून आलेला असल्यामुळे आकृतीतील गोंधळात आणखी भर पडते. आयनांबराचा खालचा भाग मध्यांबरातही पसरलेला असतो.

प्रस्तुत लेखात या थरांमधील रासायनिक देवाणघेवाणीचा विचार केला आहे. ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी चालते. जमिनीवर निर्माण झालेले वायू वर्षानुवर्षे वर चढत राहतात आणि शंभर कि.मी. उंचीवर निर्माण झालेला एक वायू, नायट्रिक ऑक्साइड, काही हिवाळ्यांत पन्नास-साठ कि.मी. खाली उतरून ओझोनचा नाश करतो. यांपैकी दुसरी प्रक्रिया तुलनेने कमी परिचित असल्याने लेखात तिलाच अधिक जागा दिली आहे.

वर जाणारी वाट

तपांबरातील हवा स्थितांबरात मुख्यतः उष्ण कटिबंधातून प्रवेश करते. तेथील तपांबराची कमाल उंची सोळा-सतरा कि.मी. असून तापमान उणे ८० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. एवढ्या थंडीत हवेतील जवळजवळ सर्व बाष्प गोठून मागे राहते. स्थितांबरातील हवा अपेक्षेपेक्षा फारच कोरडी आहे, या निरीक्षणावरून अॅलन ब्रुअर यांनी १९४९ मध्ये असा निष्कर्ष काढला की, ती हवा उष्ण कटिबंधावरील या थंड दारातूनच वर आलेली असली पाहिजे. पुढे १९५६ मध्ये गॉर्डन डॉब्सन यांनी ओझोनच्या वाटणीवरून याच अभिसरणाला दुजोरा दिला. विषुववृत्तावर चढणारी, ध्रुवांकडे सरकणारी आणि तेथे खाली बसणारी ही संथ गती आज ब्रुअर-डॉब्सन अभिसरण या नावाने ओळखली जाते. स्थितांबराच्या वरच्या भागात पोहोचलेल्या हवेला तपांबर सोडून सरासरी चार ते पाच वर्षे झालेली असतात.

या दारातून बाष्प अडते, परंतु मिथेन अडत नाही. मिथेनचे वर ऑक्सिडीकरण झाले म्हणजे एका रेणूमागे पाण्याचे सुमारे दोन रेणू तयार होतात. स्थितांबराच्या वरच्या भागातील व मध्यांबरातील पाण्याचा मोठा हिस्सा अशा रीतीने ‘वेषांतर करून’ आलेला असतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेतील मिथेनचे प्रमाण दर अब्जात सातशेच्या आसपास होते. आता ते एकोणीसशेच्या पुढे गेले आहे. मध्यांबराच्या वरच्या सीमेवर, ८२-८३ कि.मी. उंचीवर, ध्रुवीय उन्हाळ्यात तापमान उणे १२० अंशांच्याही खाली जाते. तेथे तरळणारे निशादीप्त मेघ १८८५ च्या उन्हाळ्यात युरोपात अनेकांनी प्रथमच लक्षपूर्वक पाहिले आणि ऑटो येसे यांनी छायाचित्रांवरून त्यांची उंची मोजली. दोनच वर्षांपूर्वी क्राकाटोआचा उद्रेक झाला होता, तेव्हा या मेघांचा संबंध त्याच्याशी जोडला जाणे स्वाभाविक होते. गॅरी थॉमस व सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मात्र वाढत्या मिथेनकडे बोट दाखविले आणि नंतरच्या प्रतिमानांनीही बाष्पवाढीच्या बाजूने कौल दिला आहे. १८८५ पूर्वी हे मेघ नव्हतेच की कोणी पाहिले नव्हते, हा वाद अर्थातच तसाच आहे.

ज्वालामुखीलाही या दाराला वळसा घालता येतो, हे १५ जानेवारी २०२२ रोजी दिसून आले. टोंगाजवळील हुंगा या सागरी ज्वालामुखीचा स्तंभ सुमारे ५७ कि.मी. उंचीपर्यंत, म्हणजे मध्यांबरात, पोहोचला. त्याने स्थितांबरात सुमारे साडेचौदा कोटी टन पाणी नेऊन सोडले. स्थितांबरातील एकूण पाण्याच्या तुलनेत ही भर जवळजवळ एकदशांश होती.

नायट्रस ऑक्साइडचा प्रवास मिथेनसारखाच आहे, पण त्याचे फळ वेगळे आहे. मातीतील जिवाणू आणि शेतातील नत्रयुक्त खते हे त्याचे प्रमुख उगम. तपांबरात तो जवळजवळ निष्क्रिय असतो व त्याचे आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असते. स्थितांबरात गेल्यावर त्याचा बहुतांश भाग अतिनील किरणांनी फुटून निरुपद्रवी नायट्रोजन होतो. थोडा भाग मात्र उत्तेजित ऑक्सिजन अणूशी संयोग पावून नायट्रिक ऑक्साइडचे दोन रेणू देतो. पॉल क्रुट्झेन यांनी १९७० मध्ये दाखविले की, नायट्रिक ऑक्साइड ओझोनचा एक ऑक्सिजन अणू हिरावून नायट्रोजन डाय-ऑक्साइड बनतो, तो पुन्हा मुक्त ऑक्सिजन अणूशी भिडून मूळ रूपात येतो आणि पुढच्या ओझोन रेणूकडे वळतो. स्वतः न संपता ओझोन संपविणारे हे उत्प्रेरक चक्र आहे. १९९५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्रुट्झेन यांना मारिओ मोलिना व शेरवुड रोलंड यांच्याबरोबर मिळाले.

स्थितांबरातील नायट्रिक ऑक्साइडचा मुख्य पुरवठा हा असा खालून होतो. आता वरून होणाऱ्या पुरवठ्याकडे वळता येईल.

शंभर कि.मी. उंचीवरील उगम

नायट्रोजनच्या रेणूतील बंध अतिशय मजबूत असतो. तो तोडण्यास सामान्य सूर्यप्रकाश पुरेसा नसतो. उष्मांबरात हे काम दोन घटक करतात. एक म्हणजे सूर्याचे मृदू क्ष-किरण आणि दुसरा म्हणजे ध्रुवीय प्रदेशात चुंबकीय क्षेत्ररेषांवरून खाली येणारे ऊर्जावान इलेक्ट्रॉन. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे दिसतात, तेच नायट्रोजनचे रेणू फोडतात. यातून सुटलेला उत्तेजित नायट्रोजन अणू ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रिक ऑक्साइड तयार होते. त्याचे सर्वाधिक प्रमाण १०५ ते ११० कि.मी. उंचीच्या पट्ट्यात आढळते. हा पट्टा नेमकेपणाने मोजणारा ‘स्नो’ हा उपग्रह अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या सहभागातून बांधला गेला. फेब्रुवारी १९९८ मध्ये तो सोडला गेला आणि २००३ च्या अखेरीस त्याचे कार्य संपले. विषुववृत्तावर क्ष-किरण व उच्च अक्षांशांवर ध्रुवीय प्रकाश, हे कारणांचे वाटप त्याच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले. (आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ हा उपग्रह २०१६ मध्ये आयनांबरातील इलेक्ट्रॉनांच्या मोजणीसाठी सोडण्यात आला होता. अशा लहान उपग्रहांना विज्ञानात जागा आहे, हे महाविद्यालयांनी लक्षात घेण्याजोगे आहे.)

कणांची ऊर्जा जितकी अधिक तितके ते खोल शिरतात. ध्रुवीय प्रकाशाचे इलेक्ट्रॉन शंभर कि.मी.च्या आसपास थांबतात. प्रारण पट्ट्यांतून निसटलेले इलेक्ट्रॉन मध्यांबरात ६० ते ९० कि.मी.पर्यंत येतात. प्रचंड सौरज्वालेनंतर येणारे प्रोटॉन तर थेट स्थितांबरात घुसतात. ऑगस्ट १९७२ च्या अशाच एका प्रोटॉन वर्षावानंतर उच्च अक्षांशांवरील वरच्या स्थितांबरात ओझोन घटल्याचे ‘निंबस-४’ उपग्रहाच्या नोंदींत आढळले. हीथ, क्रूगर व क्रुट्झेन यांनी ते १९७७ मध्ये प्रसिद्ध केले. ही प्रत्यक्ष परिणामाची गोष्ट झाली. अशा घटना क्वचित घडतात, पण ध्रुवीय प्रकाशाचे इलेक्ट्रॉन वर्षभर पडतच असतात. म्हणून खरा प्रश्न असा आहे : शंभर कि.मी. वर तयार झालेले नायट्रिक ऑक्साइड खाली येते काय?

रात्रीचे संरक्षण

दिवसाउजेडी ते येऊ शकत नाही. सूर्यप्रकाशात नायट्रिक ऑक्साइडचे विघटन होऊन नायट्रोजन अणू सुटतो आणि तो अणू दुसऱ्या नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूला गाठून दोघांचा नायट्रोजन व ऑक्सिजन करून टाकतो. म्हणजे एका विघटनामागे दोन रेणू नाहीसे होतात. सूर्यप्रकाशात या वायूचे आयुष्य काही दिवसांचे असते आणि तेवढ्या वेळात तो फार खाली उतरू शकत नाही.

ध्रुवीय हिवाळ्यात मात्र सूर्य अनेक आठवडे उगवतच नाही आणि विघटन थांबते. त्याच काळात मध्यांबरातील हवा हिवाळी ध्रुवावर खाली बसत असते आणि तिच्याभोवती पश्चिमी वाऱ्यांचा ध्रुवीय भोवरा कुंपणासारखा उभा असतो. भोवऱ्यातील हवा बाहेरच्या उजेडातील हवेत सहजासहजी मिसळत नाही. अंधार, अधोगती आणि कुंपण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की उष्मांबर व स्थितांबर यांच्यात एक नळी उघडते, असे म्हणता येईल. सुसान सॉलोमन, क्रुट्झेन व रेमंड रोबल यांनी १९८२ मध्ये गणिती प्रतिमानाच्या आधारे ही शक्यता मांडली.

ती तपासणे अवघड होते आणि त्याचे कारण काहीसे विनोदी आहे. वातावरणातील अल्प वायू मोजण्याची त्या काळची विश्वसनीय पद्धत म्हणजे क्षितिजावरील सूर्याकडे पाहून त्याचा प्रकाश किती शोषला गेला हे मोजणे. जी घटना अंधारातच घडते, ती सूर्याकडे पाहून कशी मोजणार? ‘निंबस-७’ वरील एका अवरक्त उपकरणाने १९७८-७९ च्या हिवाळ्यात, अवघ्या सात महिन्यांच्या आयुष्यात, ध्रुवीय रात्रीत नायट्रोजन डाय-ऑक्साइडची वाढ टिपली होती. त्यानंतर १९९१ ते २००५ या काळात ‘हॅलो’ हे उपकरण सूर्यावर अवलंबून राहून रात्रीच्या कडेकडेने माहिती गोळा करीत राहिले. युरोपच्या ‘एन्व्हिसॅट’ उपग्रहाने २००२ ते २०१२ या दहा वर्षांत हवेच्या स्वतःच्या अवरक्त प्रारणावरून व ताऱ्यांच्या प्रकाशावरून प्रथमच अंधारातील सलग चित्र दिले.

दक्षिण ध्रुवावरील चित्र बरेच नियमित निघाले. ज्या वर्षी भूचुंबकीय हालचाल अधिक, त्या वर्षी खाली उतरणारे नायट्रिक ऑक्साइड अधिक. उत्तर ध्रुवावर तसे घडत नाही. उत्तर गोलार्धात हिमालय-तिबेट, रॉकी पर्वत आणि जमीन-समुद्र यांच्या तापमानातील फरकामुळे महाकाय ग्रहीय लहरी उठतात. त्या वर चढून भोवऱ्याला धक्के देतात आणि कधी त्याचे तुकडे करतात. आर्क्टिकवरील वरच्या वातावरणाचे रसायन अशा रीतीने जमिनीवरील पर्वतांशीही बांधलेले आहे.

तीन हिवाळ्यांची साक्ष

ऑक्टोबर-नोव्हेंबर २००३ मध्ये सूर्यावर प्रचंड उद्रेकांची मालिका झाली. पुढील वसंतात, २००४ मध्ये, उत्तर ध्रुवीय प्रदेशातील वरच्या स्थितांबरात नायट्रोजन ऑक्साइडांचे प्रमाण चौपटीपर्यंत वाढलेले दिसले आणि काही ठिकाणी ओझोन साठ टक्क्यांहून अधिक घटला. कोरा रँडल व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सौर वादळ हे कारण आणि ओझोनऱ्हास हे कार्य, असा सरळ हिशेब मांडण्याचा मोह होणे साहजिक होते.

तो मोह २००६ च्या हिवाळ्याने मोडला. त्या वर्षी सूर्य शांत होता आणि भूचुंबकीय हालचालही मंद होती. तरीही खाली उतरलेल्या नायट्रिक ऑक्साइडचे प्रमाण २००४ च्या तोडीचे निघाले. २००९ मध्ये सूर्य त्याहूनही शांत होता. जानेवारीत भोवरा दुभंगला, स्थितांबराची वरची सीमा विस्कटली आणि काही आठवड्यांनी ती नेहमीच्या ५० ऐवजी ८० कि.मी.च्या आसपास पुन्हा उभी राहिली. त्यानंतर भोवरा नव्याने बळकट झाला आणि मध्यांबरातील हवा वेगाने खाली ओढली गेली. यावरून असे दिसते की, उगमस्थानी माल किती आहे यापेक्षा नळी किती उघडी आहे याला उत्तर गोलार्धात अधिक महत्त्व आहे. २००४ मध्येही वादळांइतकाच वाटा त्या वर्षीच्या असामान्य बळकट भोवऱ्याचा होता, असे मानणे आता अधिक सयुक्तिक ठरते. एकाच घटनेवरून कार्यकारणभाव ठरविण्यातील धोका वर्गात समजावून सांगण्यास याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

कुलाब्याची नोंद आणि बर्फातील नायट्रेट

उपग्रहांची साक्ष अवघ्या चार-पाच दशकांची आहे. शतकांचा हिशेब कसा मांडावा? स्थितांबरात उतरलेल्या नायट्रोजन ऑक्साइडांचे अखेर नायट्रिक आम्ल होते आणि त्यातील काही बर्फाबरोबर खाली बसते. तेव्हा ध्रुवीय बर्फातील नायट्रेटचे थर म्हणजे सौर वादळांची बखरच होय, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आली. ग्रीनलंडच्या बर्फातील नायट्रेटचे एक टोक १८५९ च्या प्रसिद्ध सौर वादळाशी जुळत असल्याचे २००१ मध्ये सांगण्यात आले.

या वादळाचा एक महत्त्वाचा साक्षीदार मुंबईत होता. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी १ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरील ज्वाला पाहिली. त्यानंतर सतरा-अठरा तासांनी कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने क्षैतिज बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लाची घसरण दाखविली. निरीक्षकांनी डोळ्यांनी वाचून हाताने लिहिलेली ही नोंद आजही जगभर उद्धृत केली जाते. तुलनेसाठी, मार्च १९८९ च्या वादळाचा जागतिक तासिक निर्देशांक उणे ५८९ होता. अर्थात कुलाब्याचा आकडा क्षणिक टोकाचा आहे, तासाची सरासरी त्याहून बरीच कमी भरते, हे दोन्ही आकडे शेजारी मांडताना विसरू नये. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये हे चुंबकीय काम अलिबागला हलविण्यात आले आणि तेथे ते भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली पुढे चालू राहिले.

परंतु कुलाब्याची नोंद चुंबकीय वादळाची आहे, प्रोटॉन वर्षावाची नाही. प्रोटॉन किती आले हे सांगण्यासाठी बर्फातील नायट्रेटचाच आधार घेतला जात होता आणि तो आधार २०१२ मध्ये डळमळला. एरिक वूल्फ व सहकाऱ्यांनी ग्रीनलंड व अंटार्क्टिकातील अनेक सूक्ष्म नोंदी एकत्र तपासल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी १८५९ चे टोक आढळलेच नाही. ग्रीनलंडमधील अशी टोके वणव्यांच्या धुराबरोबर येणाऱ्या अमोनियम व काजळीच्या सोबतीने दिसत होती. मूळ मत मांडणाऱ्यांनी प्रतिवाद केला, परंतु आता नायट्रेटच्या एकेका टोकावरून वादळ ओळखण्याची पद्धत बहुतेकांनी सोडून दिली आहे. त्याच वर्षी फुसा मियाके व सहकाऱ्यांनी जपानी देवदाराच्या वार्षिक वलयांतील कार्बन-१४ वरून इ.स. ७७४-७५ ची असाधारण घटना शोधून काढली. बर्फातील बेरिलियम-१० नेही तिला दुजोरा दिला. किरणोत्सारी समस्थानिकांना वणव्यांचा उगम नसतो, हा त्यांचा मोठा फायदा.

ओझोनच्या हिशेबातील अडचण

हा सारा खटाटोप केवळ कुतूहलापोटी नाही. माँट्रियल कराराचा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो सुमारे ४० कि.मी. उंचीवर. ध्रुवांबाहेरील प्रदेशात तेथील ओझोन २००० नंतर दर दशकास एक ते तीन टक्के वाढत असल्याचे जागतिक हवामान संघटनेच्या २०१८ च्या मूल्यमापनात नमूद आहे. एवढ्या लहान वाढीचे श्रेय वाटताना क्लोरीनची घट, कार्बन डाय-ऑक्साइडमुळे वरच्या थरांना येणारा गारवा आणि नायट्रोजन ऑक्साइडांची चढउतार यांचा वेगवेगळा हिशेब ठेवावा लागतो. गारव्यामुळे ओझोननाशक अभिक्रिया मंदावतात. म्हणजे वाढीचा काही भाग कराराचा नसून तापमानबदलाचाच आहे. ध्रुवांवर तर एखाद्या हिवाळ्यातील घसरण या दशकवाढीला सहज झाकून टाकते.

नायट्रोजन ऑक्साइडांचे वर्तनही सर्वत्र सारखे नसते. वरच्या स्थितांबरात ते ओझोन नष्ट करतात. खालच्या स्थितांबरात मात्र तेच क्लोरीनला बांधून निष्क्रिय करतात व ओझोनला काहीसे वाचवतात. क्लोरीन जसजसे कमी होईल, तसतसा हा संरक्षक भाग कमी महत्त्वाचा होईल. रविशंकर व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखविले की, मानवनिर्मित उत्सर्जनांपैकी ओझोनला सर्वाधिक उपद्रवी ठरणारा वायू आता नायट्रस ऑक्साइडच आहे. माँट्रियल करारात त्याच्यावर नियंत्रण नाही. हवामान प्रतिमानांच्या सहाव्या आंतरराष्ट्रीय तुलनेपूर्वी सूर्याचा प्रभाव म्हणून केवळ प्रकाश गृहीत धरला जात असे. कणांचा वर्षावही धरावा अशी शिफारस त्या तुलनेतच प्रथम करण्यात आली.

मोजणीची साधने मात्र विरळ होत चालली आहेत. एन्व्हिसॅटशी संपर्क एप्रिल २०१२ मध्ये तुटला. हुंगाचे पाणी मोजणारा ‘ऑरा’ २००४ मध्ये आणि कॅनडाचा ‘सायसॅट’ २००३ मध्ये सोडला गेला. दोघांनीही नियोजित आयुष्य केव्हाच ओलांडले आहे.

नळीतून उतरणारे धातू

ध्रुवीय भोवऱ्यातून केवळ वायूच उतरतात असे नाही. उल्का ८० ते १०० कि.मी. उंचीवर जळतात. त्यांतील लोह, मॅग्नेशियम, सोडियम यांची सूक्ष्म धूळ याच वाटेने खाली येऊन स्थितांबरातील गंधकाम्लाच्या कणांत मिसळते. आता आयुष्य संपलेले उपग्रह व अग्निबाणांचे टप्पेही त्याच प्रदेशात जळू लागले आहेत. डॅनियल मर्फी व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अलास्कातून उडविलेल्या संशोधन विमानाच्या साहाय्याने भोवऱ्यातील हवा तपासली. स्थितांबरातील मोठ्या गंधकाम्ल कणांपैकी सुमारे दहा टक्के कणांत अॅल्युमिनियम व अंतराळयानांतील इतर धातू आढळले. त्यांत निओबियम व हाफ्नियम हेही होते, आणि ते उल्कांतून एवढ्या प्रमाणात येत नाहीत. लिथियम, तांबे व शिसे यांचेही प्रमाण उल्कांच्या वाट्यापेक्षा अधिक भरले. अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या पृष्ठभागावर क्लोरीनच्या अभिक्रिया घडू शकतात, हे प्रयोगशाळेत पूर्वीच ज्ञात आहे. पाण्याने व गंधकाम्लाने वेढलेल्या कणांत त्या किती घडतील, हे अद्याप मोजलेले नाही, आणि उपग्रहांच्या नव्या पुंजांतील हजारो उपग्रह काही वर्षांच्या आयुष्यानंतर जाळूनच टाकावेत अशी योजना आहे.